निवडणुकीची वही

(खापा, जि. नागपूर येथे बचतगटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. भाषणानंतर निघालेले दोन प्रश्न शेवटी घेतले आहेत.)



माझं नाव पुकारण्याआधी तुमच्यातल्या एका गटाचा हिशेब वाचून झाला. जमा किती, कर्ज कोणाला दिलं, कोणाचा हप्ता थकला, उशिरा येणाऱ्यांचा दंड किती. आणि शेवटी पेटीतली शिल्लक वहीपेक्षा वीस रुपयांनी कमी निघाली. त्या वीस रुपयांवर तुम्ही चांगली पंधरा मिनिटं घालवलीत. अध्यक्षबाईंना उभं केलंत, सचिवबाईंना उभं केलंत, आणि झेरॉक्सचे पैसे लिहायचे राहिले होते हे निघाल्यावरच पुढे गेलात. मी मागच्या सतरंजीवर बसून ऐकत होते. मला आज जे बोलायचं होतं त्याची सुरुवात तुम्हीच करून दिलीत.

मला बोलायचं आहे ते अशाच एका वहीबद्दल. ही वही आपल्या आमदारांची असते. निवडणुकीला उभ्या राहिलेल्या प्रत्येक माणसाला ती ठेवावी लागते. हरलेल्यालाही ठेवावी लागते. ती वही कोणालाही बघता येते, तुम्हालाही. पण आजवर ती बघितली आहे असं सांगणारी बाई मला कुठल्याच मेळाव्यात भेटलेली नाही. पुरुषही फारसे भेटले नाहीत, ते सोडा.

आधी कायदा काय म्हणतो ते सांगते. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ७७व्या कलमानुसार उमेदवाराने अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा सगळा खर्च लिहून ठेवायचा. निकालानंतर ३० दिवसांत तो हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे, म्हणजे कलेक्टरकडे द्यायचा. खर्चाला मर्यादा आहे. आपल्या राज्यात विधानसभेसाठी ही मर्यादा २००९ मध्ये १० लाख होती, २०१४ मध्ये २८ लाख झाली आणि २०२२ पासून ४० लाख आहे. मर्यादेपेक्षा जास्त खर्च करणं हा कायद्याने भ्रष्ट आचार ठरतो, त्यावर आमदारकी जाऊ शकते.

४० लाख ऐकून तुमच्यातल्या काहीजणी हसल्या. काहीजणींनी डोळे मोठे केले. दोघींचंही बरोबर आहे. ज्या हसल्या त्यांनी मागच्या निवडणुकीतल्या गाड्या मोजल्या असणार. ज्यांनी डोळे मोठे केले त्या मनात हिशेब करत असणार, की आपल्यातली एखादी उभी राहिली तर हे ४० लाख आणायचे कुठून?

मी एकदा अशी वही लिहिली आहे. २०१४ सालची गोष्ट. आमच्या संघटनेतली एक कार्यकर्ती विधानसभेला उभी राहिली. मोठा पक्ष पाठीशी नव्हता. दारूबंदीच्या मोर्चात, रेशनच्या आंदोलनात आणि नांदवत नसलेल्या बायांच्या प्रश्नावर वीस वर्षं काम केलेली बाई. सगळ्यांनी ठरवलं, हिशेब मी ठेवायचा. निवडणूक कार्यालयातून रजिस्टर मिळालं. त्यात तीन रंगांची पानं असतात. पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोकड, पिवळ्या पानांवर बँकेचा व्यवहार. निवडणुकीसाठी बँकेत वेगळं खातं उघडावं लागतं. अर्ज भरताना अनामत १० हजार. एकूण मतांच्या सहाव्या हिश्श्याइतकी मतं पडली नाहीत तर ती जप्त होते. ते पहिले १० हजार तिने आपल्या पाटल्या गहाण ठेवून भरले.

मग आम्ही डबे घेऊन आठवडी बाजारात फिरलो. एका भाजीवाल्या मावशींनी दहाची नोट टाकली आणि म्हणाल्या, "पावती दे वं माय." मी म्हटलं, मावशी, दहा रुपयांची काय पावती? तर म्हणाल्या, "मंग तू निवडून आल्यावर मी कशाच्या भरवशावर बोलू?" मी तिथंच पावतीपुस्तक काढलं. पैसे देणाऱ्याला प्रश्न विचारायचा हक्क मिळतो, एवढं त्या मावशींनी दहा रुपयांत सांगून टाकलं. मोठी रक्कम देणाऱ्यांनाही हे ठाऊक असतं. फक्त ते पावती मागत नाहीत.

निवडणुकीच्या काळात वही तीनदा तपासली जाते. प्रत्येक वस्तूचे दर कलेक्टर कचेरीतून ठरवून मिळतात: खुर्ची, सतरंजी, मांडव, भोंगा, चहाचा कप, जेवणाचं ताट. आमच्या एका सभेला खुर्च्या बायांनी आपापल्या घरून आणल्या होत्या. मी वहीत शून्य लिहिलं. तपासणाऱ्या साहेबांनी सांगितलं, फुकट मिळालं तरी दराने किंमत धरावी लागते. कायद्याने ते बरोबरच होतं. मग भाकऱ्या निघाल्या. तीस बायांनी घरून भाकऱ्या आणि ठेचा आणला होता. साहेबांनी यादीत पाहिलं, भाकरीचा दर काही सापडेना. शेवटी 'अल्पोपाहार' म्हणून लावला. आम्ही खूप हसलो. पण रात्री वही लिहिताना माझ्या मनात आलं, बायांच्या भाकरीची किंमत सरकारदरबारी एकदाच लागली, ती निवडणुकीच्या खर्चात.

त्याच दिवशी शेजारच्या टेबलावर एका बड्या उमेदवाराची वही तपासत होते. टंकलिखित कागद, जाड फाइल, हिशेब बघायला खास नेमलेला माणूस. त्यांच्या एका सभेच्या नावावर दोनशे खुर्च्या लिहिल्या होत्या. त्या सभेला मी स्वतः गेले होते. बसायला जागा नव्हती म्हणून मी तास-दीडतास उभी होते. अर्थात दोनशे खुर्च्या असल्या तर माझ्यासारखीला उभंच राहावं लागणार, म्हणजे लिहिलेलं खोटं म्हणता येईना!

आमची बाई हरली. अनामत गेली. खर्च दोन लाखांच्या थोडा वर गेला होता, त्यातले निम्मे वर्गणीचे आणि बाकीचे उसने. ते उसने फेडायला तिला तीन वर्षं लागली. पाटल्या सुटल्या, पण त्यानंतर तिने निवडणुकीचं नाव काढलं नाही. वही मात्र आम्ही ३० दिवसांच्या आत दिली. न दिली असती तर तीन वर्षं निवडणूक लढवायला बंदी आली असती. माझ्या पाहण्यात ही बंदी ज्यांच्यावर आली ते बहुतेक गरीब, अपक्ष, हरलेले. हरल्याच्या दुःखात किंवा अडाणीपणात वही द्यायची राहून गेली म्हणून ते अडकले. वही न देणारा सापडतो. खोटी वही देणारा सापडत नाही.

हे मी हवेत बोलत नाही. महाराष्ट्रातलीच दोन उदाहरणं देते. दोन वेगळ्या पक्षांची देते, म्हणजे मी कोणाची बाजू घेते असं कोणी म्हणायला नको.

२७ जून २०१३ला मुंबईत एका पुस्तकाच्या प्रकाशनाला गोपीनाथ मुंडे बोलत होते. अनेक वर्षं आमदार राहिलेले, राज्याचे उपमुख्यमंत्री झालेले नेते. भर सभेत त्यांनी सांगितलं की २००९च्या लोकसभा निवडणुकीत आपल्याला ८ कोटी रुपये खर्च आला. तेव्हा लोकसभेची मर्यादा होती २५ लाख, आणि त्यांनी दिलेल्या हिशेबात आकडा होता १९ लाखांच्या घरातला. निवडणूक आयोगाने नोटीस काढली. खुलासे झाले. त्यांची निवड काही रद्द झाली नाही. मला विचाराल तर त्या दिवशी मुंडे खरं बोलले, आणि इतकं खरं बोलणारा पुढारी दुर्मीळ. बाकीच्यांनी त्यातून धडा घेतला तो गप्प बसण्याचा.

दुसरं उदाहरण अशोक चव्हाणांचं. २००९ मध्ये ते मुख्यमंत्री होते आणि नांदेड जिल्ह्यातल्या भोकरमधून विधानसभेला उभे होते. त्या महिन्यात मराठी वर्तमानपत्रांतून त्यांच्या कारकिर्दीचं कौतुक करणारी पानंच्या पानं छापून येत होती. एकमेकांच्या स्पर्धेतल्या पत्रांत तोच मजकूर, शब्दाला शब्द तोच. ते छापलं होतं बातमी म्हणून. पी. साईनाथ यांनी ते उघडकीला आणलं. चव्हाणांच्या वहीत वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींचा खर्च किती होता? ५,३७९ रुपये. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. मे २०१४ मध्ये कोर्टाने सांगितलं की वही खरी की खोटी हे तपासण्याचा आयोगाला अधिकार आहे. आयोगाने जुलैमध्ये चव्हाणांविरुद्ध निर्णय दिला आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली हायकोर्टाने तो रद्द केला. पाच वर्षं गेली. म्हणजे विधानसभेची एक मुदतच संपली.

यात एक जुनी मेख आहे. ऑक्टोबर १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, की उमेदवारासाठी पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्या वहीत धरला पाहिजे. साध्या माणसाला पटण्यासारखीच गोष्ट. पण तो महिना संपायच्या आत सरकारने वटहुकूम काढून तो खर्च वगळून टाकला. पुढे २००३ मध्ये कलमाची भाषा बदलली, तरी पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराला आजही मर्यादा नाही. गोष्ट अशी झाली, की सुनेने बाजारात पाचशेच खर्च करायचे, पण सासऱ्याने तिच्यासाठी पाच लाख खर्च केले तर ते कोणी मोजायचे नाहीत.

पक्षाकडे पैसे येतात कुठून? २०१८ पासून निवडणूक रोखे होते. देणाऱ्याचं नाव लोकांना कळू न देता बँकेतून विकत घ्यायचे आणि पक्षाला द्यायचे. असे १६ हजार कोटींवर रोखे विकले गेले. १५ फेब्रुवारी २०२४ला सुप्रीम कोर्टाने ती योजना घटनाबाह्य ठरवली आणि नावं उघड करायला लावली. नावं आली, मोठमोठ्या कंपन्यांची आली. पण आपल्याकडे रात्री जीपमधून जी रोकड उतरते ती कुठल्या रोख्यातून येत नाही. कायद्याने उमेदवाराला संपूर्ण निवडणुकीत एका माणसाला १० हजारांपेक्षा जास्त रोख देता येत नाही. गुलाबी पानावर त्यापुढचा आकडा कधी दिसायचाच नाही. जी रोकड असते ती पानाबाहेरच असते.

मे २०२५ मध्ये ती एकदा दिसली. विधिमंडळाची अंदाज समिती धुळ्याच्या दौऱ्यावर होती. तिथल्या सरकारी विश्रामगृहाच्या एका खोलीला माजी आमदार अनिल गोटे यांनी कुलूप ठोकलं आणि बाहेर बसून राहिले. आत समितीच्या आमदारांना वाटायला आणलेले पैसे आहेत असा त्यांचा आरोप होता. कुलूप उघडलं तेव्हा १ कोटी ८४ लाखांच्या वर रोकड निघाली. आरोपाचा इन्कार झाला. पैसा कोणाचा हे शेवटी न्यायालय ठरवील. पण पैसा होता. सरकारी खोलीत, रोख. त्याआधी २०२२ मध्ये शिवसेनेतून आमदार फुटले तेव्हा 'पन्नास खोके'ची घोषणा तुमच्या पोरांनीही गल्लीत दिली असेल. खोके कोणी मोजून सिद्ध केलेले नाहीत. पण एका खोक्यात किती असतात हे शाळकरी पोरालाही समजतं, याची मला जास्त भीती वाटते.

आता आपल्या कामाचं बोलू. उमेदवाराला अर्जासोबत मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं. २००२ आणि २००३च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालांमुळे हे झालं. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था ती शपथपत्रं तपासते. २०२४ मध्ये निवडून आलेल्या आमदारांपैकी २८६ जणांची शपथपत्रं त्यांनी पाहिली. त्यांतले २७७ करोडपती. म्हणजे शंभरात सत्त्याण्णव. उरलेले नऊ जण कोण, त्यांनी निवडणूक कशी लढवली, हे मला त्या २७७ जणांपेक्षा जास्त जाणून घ्यावंसं वाटतं.

ती शपथपत्रं इंटरनेटवर सगळ्यांना पाहता येतात. तुमच्या मुलीला मोबाइलवर काढून द्यायला सांगा. त्यात रकाने असतात: स्वतः, पती किंवा पत्नी, अवलंबून असलेले. 'पत्नी'चा रकाना मी फार वेळा वाचला आहे. तिच्या नावावर शेती, फ्लॅट, सोनं, कंपनीचे शेअर, भागीदारी. वाचताना वाटतं, महाराष्ट्रातल्या बाया किती श्रीमंत झाल्या! अशा एका घरातली बाई माझ्याकडे सल्ल्याला आली होती. नवऱ्याने घराबाहेर काढलेली. कागदावर दोन दुकानांची मालकीण, आणि तिच्याजवळ बसभाड्याला पैसे नव्हते. दुकानं आपल्या नावावर आहेत हे तिला आम्ही कागद काढल्यावर समजलं. घराच्या सातबाऱ्यावर आपलं नाव लागावं म्हणून आपण इतकी वर्षं झगडतो. तिथं नाव न मागता लागतं, आणि हक्क तेवढा मिळत नाही.

तिकिटाचंही तसंच. २०२४च्या विधानसभेला राज्यात ४,१३६ उमेदवार होते, त्यांत बाया ३६३. निवडून आल्या २१. एकूण जागा २८८. पक्षांच्या मुलाखती होतात तेव्हा काय विचारतात माहीत आहे? मी अशा एका मुलाखतीला एका मैत्रिणीसोबत गेले होते, पक्षाचं नाव सांगत नाही. तिने केलेल्या कामांची फाइल नेली होती. फाइल कोणी उघडलीही नाही. विचारलं, "ताई, किती लावू शकाल?" ती म्हणाली, मी वेळ लावीन, जीव लावीन. समोरचे गृहस्थ सभ्य होते, हसले नाहीत. म्हणाले, "घरी विचारून या." घरी म्हणजे कोणाला, ते सांगायची गरज नव्हती.

तुमच्याच सावनेर मतदारसंघाचं पाहा. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे सुमारे दीडशे कोटी २००२ मध्ये सरकारी रोख्यांच्या व्यवहारात बुडाले. त्या खटल्यात २२ डिसेंबर २०२३ला नागपूरच्या न्यायालयाने बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष आणि सावनेरचे आमदार सुनील केदार यांना पाच वर्षांची शिक्षा सुनावली आणि त्यांची आमदारकी गेली. त्यांनी अपील केलं. निवडणुकीचा खर्च हा त्या खटल्याचा विषय नव्हता, मीही तो जोडत नाही. मला बोलायचं आहे ते पुढचं. २०२४ मध्ये काँग्रेसने तिकीट दिलं त्यांच्या पत्नीला, अनुजा केदार यांना. समोर भाजपचे आशीष देशमुख, रणजित देशमुखांचे चिरंजीव, ते निवडून आले. मी बाईंना दोष देत नाही. उभं राहण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. पण दोन्हीकडे बघा. खाप्याच्या मागावर ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या लुगडी विणली त्या घरातली, गुमगावच्या मँगनीज खाणीवर ज्यांची माणसं राबली त्या घरातली बाई किंवा बुवा त्या यादीत निवडून येण्याच्या जवळपास तरी कुठे आहे?

नगरपालिकेत आपल्याला आधी एक तृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा मिळाल्या. तिथं बाया आल्या, कारण जागाच राखीव होती. पण निवडणुकीचा पैसा नवऱ्याने घातला तर खुर्चीही नवराच चालवतो. नगरसेविकेच्या नवऱ्याला लोक 'नगरसेवक साहेब' म्हणतात, त्यामागे नुसती पुरुषी सवय नसते, त्याने घातलेला पैसाही असतो. आता विधानसभेत आणि लोकसभेत एक तृतीयांश जागांचा कायदा २०२३ मध्ये झाला. जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर तो लागू व्हायचा, असं त्यातच लिहिलं आहे. लागू होईल तेव्हा राज्यात ९६ आमदार बाया असतील. त्या कोणाच्या पैशावर येतील, हे आत्ता विचारायला हवं. तेव्हा विचारून उपयोग नाही.

आणि निवडणुकीआधीचा खर्च? कायद्याची वही अर्ज भरल्यापासून सुरू होते. त्याआधीचं काहीच त्यात येत नाही. संक्रांतीला इच्छुकांच्या सौभाग्यवती हळदीकुंकू ठेवतात. मांडव, आइस्क्रीम, आणि वाणात स्टीलचा डबा किंवा साडी. मग देवदर्शनाच्या बसगाड्या. आरोग्य शिबिर. गणपती मंडळाला ढोल. हे सगळं वहीबाहेर. शिवाय जो आधीच आमदार आहे त्याच्या हातात वर्षाला ५ कोटींचा आमदार निधी. तो पैसा आपला, करातून जमलेला. पण समाजमंदिरावर पाटी लागते ती त्याच्या नावाची. त्याला वेगळी वर्गणी गोळा करायची गरज काय?

तुमच्या घरी वाणाचा डबा असेल, माझ्याही घरी आहे. त्यात मी तुरीची डाळ ठेवते. मी तुम्हाला तो फेकून द्या म्हणणार नाही.

ऑगस्ट २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये खात्यात येऊ लागले, त्यावर बायांना लाचखोर म्हणणाऱ्या शहाण्यांशी मी भांडले आहे. सरकारी तिजोरीतला पैसा गरीब बाईच्या खात्यात थेट आला तर त्यात वाईट काय? कारखानदाराला सवलत मिळते तेव्हा त्याला कोणी मिंधा म्हणत नाही. पण तो पैसा 'भावाने' दिला असं जेव्हा सांगितलं, आणि मतं मागायच्या तोंडावर वाटला, तेव्हा आपण विचारायला हवं होतं, कोणत्या भावाच्या खिशातून? आपल्यातल्या फार थोड्या जणींनी विचारलं. मीही उशिराच विचारलं.

मतदानाच्या आदल्या रात्रीच्या पाकिटाचं तसं नाही. तो गुन्हा आहे, देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचाही. पण मी एका मजूर बाईला विचारलं, का घेतलंस? ती म्हणाली, "ताई, मतदानाच्या दिवशी रोजी बुडते. थे तरी निंघते. अन्‌ मंग पाच वर्षं थो कोठी दिसते?" तिच्याशी मला वाद घालता आला नाही. आमदार आपल्या वाट्याला फक्त त्या एका रात्री येतो, हे तिला माझ्यापेक्षा आधी कळलं होतं.

तर मग करायचं काय? मी तुम्हाला मोठा कार्यक्रम सांगत नाही. सरकारने निवडणुकीचा खर्च द्यावा, अशी शिफारस १९९८ मध्ये इंद्रजित गुप्ता समितीने केली होती. ती कागदावर राहिली. ते दिल्लीचं काम आहे, चालू दे. आपल्या हाताशी आहे तो १९६१च्या निवडणूक नियमांतला ८८वा नियम. उमेदवाराने दिलेली वही कोणालाही बघता येते. कोणालाही म्हणजे मतदार असायची अट नाही, कारण सांगायची अट नाही. बघायची फी एक रुपया. होय, एक रुपया. नक्कल हवी असेल तर तिची फी वेगळी. हल्ली त्या वह्यांचे कागद मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरही टाकतात, पण मला कचेरीत जाऊन बघणं जास्त आवडतं. दहा बाया कलेक्टर कचेरीत जाऊन आमदाराची वही मागतात, हे गावात कळायला वेळ लागत नाही.

त्यासाठी वही बघण्याआधीची तयारी लागते. पुढच्या निवडणुकीत प्रत्येक वॉर्डात दोघींनी एक साधी वही करायची. सभा कुठे झाली, तारीख, अंदाजे खुर्च्या, गाड्या किती, जेवण होतं का, भोंगे किती. फोटो काढून ठेवायचा. कलेक्टर कचेरीतून दरपत्रक आणायचं आणि गुणाकार करायचा. व्याज काढणाऱ्या बायांना तो गुणाकार अवघड नाही. निवडणूक चालू असतानाही तक्रार करता येते, सी-व्हिजिल नावाचं आयोगाचं अॅप त्यासाठीच आहे. मग निकाल लागला की ३० दिवसांत वह्या येतात. निवडणुकीला हायकोर्टात आव्हान द्यायची मुदत निकालापासून ४५ दिवस. मधे उरतात पंधरा. तेवढ्यात आपली वही आणि त्यांची वही शेजारी ठेवायची. कोर्टात जायचं की नाही, जाणारा कोण, वकील कोण, ते नंतर बघू. कोर्टाचा खर्च आपल्याला झेपणारा नाही, हे मला माहीत आहे. पण दोन वह्यांमधला फरक बाजाराच्या दिवशी फलकावर लिहायला खडूच लागतो.

आपल्यातली कोणी उभी राहिली तर? तिच्यासाठी वर्गणी करायची. गटाच्या पेटीला हात लावायचा नाही, ती कर्जाची पेटी आहे. प्रत्येकीने आपल्या घरचे दहा-वीस द्यायचे आणि पावती मागायची. मृणाल गोरे १९७२ मध्ये विधानसभेवर गेल्या. त्यांच्यामागे पाण्यासाठी आणि महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या बाया होत्या. त्या काळी समाजवादी, कम्युनिस्ट, शेकापचे उमेदवार गावोगाव वर्गणी मागत. आता काळ बदलला हे मला समजतं. आमच्या मैत्रिणीची तीन वर्षांची उसनवारी मी विसरलेली नाही. म्हणून वर्गणी आधी, अर्ज नंतर. पाटल्या गहाण ठेवून कोणीही अर्ज भरायचा नाही, इतकंच मी सांगेन.

(चर्चेत एका वयस्कर बाईंनी विचारलं: "आमी कायले जाऊ नागपूरले? आमाले कोन वही दाखवते?")

मावशी, न दाखवली तर नियमाचा आकडा सांगायचा. तोही नाही ऐकला तर लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. रेशनकार्डासाठी तुम्ही तहसीलला किती फेऱ्या मारल्या ते मघाशी सांगितलंत. त्यापेक्षा जास्त लागणार नाहीत.

(दुसरा प्रश्न एका तरुण मुलीचा: "आणि वहीत सगळं बरोबर निघालं तर?")

तर बरोबर निघालं म्हणून फलकावर लिहायचं. का नाही? मला तर अशी वही एकदा बघायची आहे.

अर्जाचा नमुना मी आणला आहे, दहा प्रती आहेत. २०२४च्या निवडणुकीतल्या सावनेरच्या वह्या बघायला मागायच्या, सगळ्या उमेदवारांच्या, जिंकलेल्यांच्या आणि हरलेल्यांच्याही. पुढच्या सोमवारी सकाळच्या एसटीने या. मी अकरा वाजता कलेक्टर कचेरीच्या फाटकाशी उभी असेन. भाडं ज्याचं त्याने. आणि एक रुपयाचं नाणं प्रत्येकीने आपलं आपण आणायचं, उसनं नाही.